मी तिथे होतो

माझ्याकडे एक ठेवणीतली गोष्ट आहे. ऑफिसची ट्रिप असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, ब्लूटूथ स्पीकर या हातातून त्या हातात फिरत असतो आणि कुणीतरी विचारतं, तू हे पंक वगैरे कुठून ऐकायला लागलास? मग मी सुरू होतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पुण्यातलं हॉस्टेल. दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं, म्हणजे प्रत्येकानं शेअर केलेलं फोल्डर सगळ्यांना उघडं. तिथे पिक्चर शोधता शोधता मला एक फोल्डर सापडतं. रमोन्स, १९७६. चौदा गाणी, सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. मी ते लावतो, माझा रूममेट हातातलं पुस्तक मिटतो आणि आम्ही दोघं पिवळ्या दिव्याखाली पहाटेपर्यंत तेच तेच ऐकत बसतो. पेपर अर्थातच बोंबलतो.

लोक हसतात. गोष्ट चांगलीच आहे. मी ती सात-आठ वर्षं सांगतोय आणि दरवेळी ती थोडी जास्त गुळगुळीत होत गेलीय.

तिच्यातला पेपर खरा आहे, अल्बम खरा आहे. उरलेल्याबद्दल सांगण्याआधी तुम्हाला मँचेस्टरला न्यायला हवं. कारण मी जे केलं ते तिथे अनेकांनी मिळून केलंय, आणि त्यांचे पुरावे माझ्यापेक्षा बरे आहेत.

४ जून १९७६, शुक्रवार. मँचेस्टरच्या पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉल नावाची जुनी, भारदस्त इमारत. तिच्यात वरच्या मजल्यावर एक छोटं सभागृह, लेसर फ्री ट्रेड हॉल. त्या रात्री तिथे लंडनहून आलेला सेक्स पिस्टल्स नावाचा बँड वाजवणार होता. तोवर त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. कार्यक्रम ठरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोघांनी, म्हणजे बोल्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या दोन विद्यार्थ्यांनी. एनएमई या साप्ताहिकात त्यांनी पिस्टल्सच्या एका कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं, पार दक्षिणेत जाऊन त्यांना ऐकलं आणि परत येऊन हॉल बुक केला. तिकीट पन्नास पेन्स. त्यांचा स्वतःचा बझकॉक्स हा बँड पिस्टल्सच्या आधी वाजवणार होता, पण त्यांची तयारीच झाली नाही. मग बोल्टनचाच सोल्स्टिस नावाचा एक रॉक बँड आयत्या वेळी उभा केला.

त्या काळाबद्दल दोन वाक्यं. रॉक तेव्हा मोठ्या माणसांच्या हातात गेलं होतं. मोठी स्टेडियम्स, मोठी वाद्यं, दहा-दहा मिनिटांचे सोलो. ऐकणाऱ्याला वाटावं की हे आपल्याच्यानं जन्मात होणार नाही. त्यावर ही पोरं आली, दोन-तीन मिनिटांची गाणी, मोजके कॉर्ड, भरधाव वेग आणि अंगावर येणारा आवाज घेऊन. ऐकणाऱ्याच्या मनात आलं, अरे, हे तर मलाही जमेल. पंकचा पहिला धक्का बहुतेकांना असाच बसला. ते थोर वाटलं यापेक्षा ते शक्य वाटलं, हे जास्त महत्त्वाचं होतं.

हॉलमध्ये किती लोक होते? बहुतेक अंदाज पस्तीस-चाळीसच्या आसपास घुटमळतात. एखाद्या लग्नातली जेवणाची एक पंगत. पण त्या पंगतीत कोण होतं बघा. पीटर हुक आणि बर्नार्ड समनर हे दोन मित्र होते. बाहेर पडताना त्यांनी बँड काढायचं ठरवलं, दुसऱ्या दिवशी हुकनं बेस गिटार विकत घेतली, आणि पुढे त्यातून जॉय डिव्हिजन झाला. सतरा वर्षांचा मॉरिसी होता, ज्याचा पुढे द स्मिथ्स हा बँड झाला. स्टीव्ह डिगल तर दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला हॉलबाहेर थांबला होता. पिस्टल्सचा मॅनेजर माल्कम मॅकलॅरन बाहेर रस्त्यावर उभा राहून गिऱ्हाईक ओढत होता. बेस वाजवणारा मुलगा हवाय तो हाच, अशा गैरसमजात त्यानं डिगलला आत नेऊन डिव्होटो-शेलीसमोर उभं केलं. डिगल बझकॉक्समध्ये दाखल झाला आणि पुढे आयुष्यभर तिथेच राहिला. ज्याला भेटायला तो आला होता त्याचं काय झालं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

चाळीस माणसांचा हा कार्यक्रम पुढे इतका गाजला की तिथे असलेल्यांची संख्या वाढू लागली. वर्षं सरली तशी शेकडो माणसं 'मी होतो' म्हणू लागली. डेव्हिड नोलन या पत्रकारानं त्या रात्री खरोखर कोण कोण होतं याचा शोध घेत एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'आय स्वेअर आय वॉज देअर', शपथेवर सांगतो, मी तिथे होतो. फॅक्टरी रेकॉर्ड्सचा टोनी विल्सन आपण पहिल्या रात्री होतो असं सांगायचा. तो खरंच होता का यावर त्याच्या मृत्यूनंतरही वाद चालूच आहे. त्याच्यावर २००२ साली '२४ अवर पार्टी पीपल' हा सिनेमा आला, त्यात तो अर्थातच हजर आहे. त्याच सिनेमात पुढे एका स्वच्छतागृहात डिव्होटोचं पात्र नको त्या अवस्थेत दाखवलंय. शेजारी एक सफाई कामगार बेसिन पुसतोय. तो कॅमेऱ्याकडे वळून सांगतो की असं काही घडल्याचं मला तरी आठवत नाही. तो सफाई कामगार म्हणजे खरा हॉवर्ड डिव्होटो. मला हा सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो.

ही इमारतच अशी असावी. दहा वर्षांपूर्वी, १७ मे १९६६ ला, खालच्या मोठ्या सभागृहात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा होता. श्रोत्यांतून कुणीतरी 'जूडास!' असं ओरडलं. विश्वासघातक्या. तो रॉकच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध ओरडा असेल. ओरडणारा एकच होता, पण पुढे 'तो मीच' म्हणणारे एकाहून जास्त निघाले. त्या रात्रीचं चोरटं रेकॉर्डिंग तर कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून विकलं गेलं. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे निघालं तेव्हा ती चूक इतकी लोकप्रिय झाली होती की 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे नाव अवतरणचिन्हांत तसंच ठेवावं लागलं.

आपल्याकडेही असतंच. पुण्यात पंचाहत्तरीच्या पुढच्या कुठल्याही नाटकवेड्याला विचारा, 'घाशीराम कोतवाल'चा १९७२ मधला पहिला प्रयोग त्यानं पाहिलेला असतो. माझ्या एका काकांनीही पाहिलाय. ते तेव्हा नोकरीला नागपुरात होते.

ही माणसं खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही, निदान बहुतेकांच्या बाबतीत. मँचेस्टरचंच घ्या. पिस्टल्स त्याच हॉलमध्ये २० जुलैला पुन्हा आले. त्या रात्री बझकॉक्सही वाजले, आणि गर्दी खूप जास्त होती. जुलैला गेलेला माणूस पन्नास वर्षांत जूनमध्ये सरकणं काही अवघड नाही. तसंच ४ जुलै १९७६ चं. रमोन्स त्या रात्री लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजले आणि सगळे लंडनी पंक तिथे होते, असं सर्रास सांगितलं जातं. पण सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश त्याच रात्री शेफिल्डमध्ये ब्लॅक स्वान नावाच्या पबमध्ये वाजवत होते. क्लॅशचा तो पहिलाच कार्यक्रम.

उल्रिक नायसर नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आणि निकोल हार्श या सहकारी बाईंनी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणाबरोबर होतात, काय करत होतात. दोन-अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरं आधीच्या उत्तरांशी जुळेनात, काहींची तर पार वेगळी. पण खात्री मात्र पक्की. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी आताची आठवण हलली नाही. कागद आपला आहे हे मान्य, पण घडलं ते मी आता सांगतोय तसंच!

संत ऑगस्टीनच्या मते खोटं म्हणजे जे आपल्याला खरं वाटत नाही ते, फसवायच्या हेतूनं बोलणं. या व्याख्येनं पाहिलं तर मँचेस्टरची निम्मीअधिक जनता निर्दोष सुटते. मीही सुटतो. मला माझी गोष्ट खरीच वाटत होती.

पण एक गोष्ट खटकत राहिली, आणि ती माझ्या कामामुळे खटकली. आम्ही दिवसभर आकडे तपासतो. मोजमापातली साधी चूक दोन्ही बाजूंना पडते. कधी जास्त दाखवते, कधी कमी. स्मरणशक्ती नुसती कच्ची असती तर चाळिसांतले दहाजण 'छे, मी नव्हतो त्या रात्री' म्हणाले असते. तसं कुणी म्हणत नाही. चूक सगळी एकाच दिशेनं झालीय. वाण्याचा तराजू कायम वाण्याच्याच बाजूला झुकत असेल तर आपण त्याला तराजूची चूक म्हणत नाही, तराजूत पासंग आहे म्हणतो. गंमत अशी की वाणी खरोखर प्रामाणिक असू शकतो. वजनं त्यानं घडवलेली नाहीत, तराजू वडिलांचा आहे, तो रोज नेकीनं मोजतोय. त्याला दोष द्यायचा तो मोजण्याबद्दल नाही. इतकी वर्षं रोज चार पैसे जास्त उरत असताना त्यानं एकदाही पारडी रिकामी ठेवून बघितलं नाही, याबद्दल.

माझ्या एका मित्राला हे सगळं अती वाटतं. तो म्हणतो, झालं काय त्यात? म्हातारा माणूस पबमध्ये बसून म्हणतो की मी पिस्टल्सना पाहिलं, कुणाचं काय गेलं? प्रेमच आहे ना ते? मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. गाण्यावर प्रेम करायला तिकिटाचा तुकडा लागत नाही. मी त्या कार्यक्रमानंतर वीस वर्षांनी जन्मलो, समुद्रापलीकडे जन्मलो, आणि त्या रात्रीचं घोगरं रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. तो काटा चाळिसांतल्या कुणापेक्षा कमी खरा आहे असं मी कुणाला म्हणू देणार नाही. 'आम्ही पहिल्यापासून ऐकतोय' म्हणणाऱ्यांचा तोरा तर पंकमध्ये मुळातच विनोदी आहे. त्या काळात एका फॅन्झीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच छापलेल्या मासिकात, हातानं काढलेल्या तीन कॉर्डच्या आकृत्या आल्या होत्या आणि खाली वाचणाऱ्याला बँड काढायचं आमंत्रण होतं. म्हणजे दार सताड उघडं. (हे पान 'स्निफिन ग्लू'मध्ये आलं असं सगळे सांगतात. ते खरं तर 'साइडबर्न्स'मधलं. इथेही तेच.)

पण 'मला ते फार आवडतं' आणि 'मी तिथे होतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. दुसऱ्यात समोरच्याकडून काहीतरी घेतलं जातं. थोडा मान, थोडा हेवा, गोष्ट सांगायचा हक्क. आणि जागा तर चाळीसच आहेत. विल्सन एका खुर्चीवर बसला की तिथे कुणीतरी उभं राहतं. त्या चाळिसांत अशीही माणसं असणार ज्यांनी पुढे बँड काढला नाही, पुस्तक लिहिलं नाही, सोमवारी कामावर गेली. सोल्स्टिसची पोरं तर स्टेजवर होती. तुम्ही या लेखाआधी त्यांचं नाव ऐकलं होतं का?

योगायोग बघा, १९७६ सालीच बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध केले, नेगलचा विल्यम्सला उत्तर देणारा. प्रश्न असा की माणसाच्या हातात जे नव्हतंच, त्यावरून आपण त्याला बरा-वाईट ठरवतो ते कसं काय? दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीसमोर मूल आलं, दुसऱ्याच्या आलं नाही. एकाला आपण आयुष्यभर दोषी धरतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. हे कौतुकालाही लागू आहे. हजर राहणं म्हणजे पन्नास पेन्स आणि मोकळी संध्याकाळ. त्याचं पुढे भूषण झालं ते दुसऱ्यांनी काढलेल्या बँडमुळे.

पटत नसेल तर हेस्टिंग्ज बघा. त्याच उन्हाळ्यात ३ जुलैला पिस्टल्स हेस्टिंग्ज या गावच्या धक्क्यावर वाजले. सोमाली वडील आणि ब्रिटिश आई असलेली एक मुलगी तिथे गेली होती. त्या दिवशी तिला एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. तिनं नंतर जाहिरात देऊन पोरं जमवली आणि एक्स-रे स्पेक्स हा बँड काढला. पॉली स्टायरीन. मला विचाराल तर पंकमधला सगळ्यात धारदार आवाज. एका श्रोत्याच्या आयुष्यात हेस्टिंग्जनं जे केलं ते मँचेस्टरच्या तोडीचं आहे. पण 'मी हेस्टिंग्जला होतो' असं छातीठोकपणे सांगणारं मला तरी कुणी आढळलेलं नाही. तिथे बसण्यात फायदा नाही, म्हणून तिथल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

पासंगाची दुसरी बाजू यापेक्षा वाईट आहे. १९७६-७७ च्या पंक लोकांचे फोटो पाहिलेत तर त्यात नाझींचं स्वस्तिक दिसतं. सूझी सूनं ते दंडावर मिरवलं, सिड व्हिशसनं टी-शर्टवर. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मॅकलॅरनच्या दुकानात ते चिन्ह छापलेले शर्ट विकले जात होते. उद्देश होता आईबापांच्या पिढीला, युद्ध पाहिलेल्या पिढीला डिवचायचा. विचारधारा वगैरे काही नव्हती, असं नंतर सांगितलं गेलं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असेलही. पण रस्त्यावर तेव्हा नॅशनल फ्रंट मोर्चे काढत होता, आणि तो दंडावरचा पट्टा पाहून शेजारच्या ज्यू म्हातारीला किंवा दुकानदार पटेलांना उद्देश विचारायची सवड नव्हती.

त्याच पंकनं लगेच दुसरं काहीतरीही केलं. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकला. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि स्टील पल्स वाजले तेव्हा ते मैदान गच्च भरलं होतं.

आता चाहत्यांच्या आठवणी वाचा. मी गेल्या काही वर्षांत पुस्तकं, मुलाखती, माहितीपट असं बरंच पालथं घातलंय. व्हिक्टोरिया पार्कला प्रत्येकजण होता. स्वस्तिक मात्र नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी दंडावर होतं. काही थोडे अपवाद आहेत, जे सरळ सांगतात की हो, मी घातलं होतं, मी मूर्ख होतो. त्यांच्या बाकीच्या आठवणींवर माझा जास्त विश्वास बसतो. 'मी तिथे होतो' हे वाक्य जिथे महागात पडतं तिथेही जो ते म्हणतो, त्यानं जूनच्या त्या रात्रीबद्दल सांगितलं तर मी तारीख विचारणार नाही.

आता माझं.

मागच्या दिवाळीत मी जुनं फेसबुक खातं बंद करायला घेतलं. बंद करण्याआधी सगळा डेटा उतरवून घेतला, सवय म्हणून. त्यात आमच्या विंगच्या ग्रुपचं चॅट होतं. नॉस्टॅल्जियासाठी चाळत बसलो. नोव्हेंबर २०१५, रात्री ११:४२, माझं नाव, माझे शब्द: 'भंगारवाला परत सुरू झालाय. उद्या पेपर आणि हा कुकरच्या शिट्ट्या लावून बसलाय. कुणीतरी याला कुकरच घेऊन द्या रे, तोच आवाज फुकटात.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्याखाली, ११:४५ ला, माझ्या रूममेटचं उत्तर: 'सॉरी. हेडफोन बिघडलेत. बंद करतो.'

भंगारवाला हे त्याचं विंगमधलं नाव होतं. तो उदगीरचा, कमी बोलणारा, भंगार गाणी ऐकतो म्हणून भंगारवाला. नाव कुणी ठेवलं ते शोधायला मी मागे मागे जात राहिलो. आम्ही कोडमधली ओळ कुणी लिहिली ते शोधायला 'गिट ब्लेम' अशी एक कमांड वापरतो. तसंच हे. ऑगस्टमध्ये मूळ सापडलं. मीच ठेवलं होतं.

रमोन्सचं फोल्डर त्याचं होतं. त्यानंच शेअर केलं होतं. जानेवारीत तो दुसऱ्या विंगमध्ये राहायला गेला. माझ्या आठवणीत तो 'मेस जवळ पडते म्हणून' गेला होता. आणि जुलै २०१६ मध्ये मी घरी असताना शाळेतल्या एका मित्राला लिंक पाठवून लिहिलंय, 'हे ऐक, काय सापडलंय बघ मला.' सापडलंय. मला.

मधले आठ महिने काय झालं, मला ते कधी आवडायला लागलं, त्या लॉगमध्ये काही नाही. कदाचित भिंतीपलीकडून ऐकू आलं असेल. कदाचित तो गेल्यावर खोली शांत वाटली असेल. हे मी आता रचतोय, हे मला कळतंय.

विचित्र भाग हा की सगळं वाचून झाल्यावरही ते दृश्य जात नाही. आम्ही दोघं, पिवळा दिवा, त्याचं मिटलेलं पुस्तक. नायसरच्या विद्यार्थ्यांसारखं. कागद माझाच आहे हे मला मान्य आहे.

त्याला लिहावं की नाही यावर मी तीन आठवडे घालवले. तो आता हैदराबादला असतो, आमचं बोलणं वाढदिवसापुरतं. तो मघाचा मित्र म्हणाला, दहा वर्षांपूर्वीचं काय उकरतोस, तो विसरला असेल, तू तुझं मन हलकं करायला त्याला त्रास देणार. यात तथ्य होतं. माफी मागतानासुद्धा माणूस गोष्टीच्या मधोमध स्वतःच उभा राहू शकतो. पण मग तो विसरलाय हे कुणी ठरवायचं, पुन्हा मीच? शेवटी स्क्रीनशॉट जोडून चार ओळी पाठवल्या. नाव मी ठेवलं होतं. फोल्डर तुझं होतं. मी इतकी वर्षं ते माझं म्हणून सांगत आलो. सॉरी.

दोन दिवस काही नाही. दोन निळ्या खुणा फक्त. तिसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं.

'आठवतंय. ग्रुपवर लिहिलंस त्याचं एवढं काही नाही रे, सगळेच लिहायचे. त्याआधी तू उठून स्पीकरची वायर ओढली होतीस. पिन आतच तुटली. जुन्या बाजारातून घेतले होते, साडेतीनशेला.'

आणि खाली, थोड्या वेळानं: 'आता काय ऐकतोस?'

आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो. तो अजूनही ऐकतो, पण आता जास्त करून एक्स-रे स्पेक्स.

वायरचं मात्र मला काहीच आठवत नाही. मी प्रयत्न करून पाहिला, अजूनही करतो. खोली उभी करतो, टेबल, खिडकी, त्याची खाट. दिवा येतो, पुस्तक येतं, पहाट येते. वायर येत नाही.